दुष्काळांत गुरांच्या औषधपाण्याचा खर्च

दुष्काळी मुलुखांतील गुरांसाठीं आपण सर्व व्यापारी व बागाईतदार सद्गृहस्थ चारा देत आलां आहांत, व त्याबद्दल गांवोगांवचे शेतकरी आपले ऋणी आहेत. परंतु चाऱ्याइतकीच निकडीची, मात्र देणाऱ्याच्या नजरेंत सहसा न भरणारी, अशी एक गरज आहे, तिजकडे आपलें लक्ष वेधणें हा या लेखाचा हेतु आहे. कडब्याची गाडी गांवांत शिरली कीं सर्वांस दिसते. औषधाच्या बाटलीवांचून गोठ्यांत तडफडणारी गाय तिच्या धन्याखेरीज कोणास दिसत नाहीं.

अवर्षणानें जनावर केवळ उपासमारीनेंच मरतें असें नाहीं. भुकेलें गुरूं मिळेल तें खातें; पाण्यावांचून खुरटलेली कोवळी ज्वारी त्याच्या तोंडीं लागली तर विषबाधा होऊन घटकाभरांत प्राण जातो. पहिला पाऊस पडला कीं लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु रोडावलेल्या गुरांस तोच काळ सर्वांत घातक होय. कोवळें गवत अधाशीपणानें खाल्ल्यानें पोट फुगतें. घटसर्प व फऱ्या हे रोगही पावसाळ्याच्या तोंडींच उचल घेतात. ज्याची सारी दौलत म्हणजे एक बैलजोडी, त्याचा एक बैल अशा वेळीं गेला तर दुसरा असून नसल्यासारखा होतो, आणि वाफसा आलेलें शेत पेरणीवांचून पडून राहतें.

आतां असा मनुष्य साहाय्यासाठीं कोठें जाऊं शकतो हें पाहूं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत उपचाराची फी अल्प असते. लाळ-खुरकुताची लस १९१९ नव्हे, तर २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेखालीं विनामूल्य टोंचली जाते. आमच्या वडिलांच्या पिढीस हें स्वप्नवत् वाटलें असतें, म्हणून साल मुद्दाम स्पष्ट केलें. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां फिरत्या दवाखान्याची मदत मागतां येते. ही माहिती पुष्कळ शेतकऱ्यांस नसते. ती त्यांच्या कानांवर घालणें हेंही दानच आहे, व त्यास पैसा लागत नाहीं. पशुविम्याच्या योजनेंत २०२४ सालच्या सुधारणेनें शेतकऱ्याचा हप्त्यांतील वांटा शेंकडा १५ वर आला; बाकीचा भार केंद्र व राज्य सरकारें उचलतात. २०२२ सालीं लंपी रोगाची सांथ आली तेव्हां महाराष्ट्र सरकारनें मेलेल्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये याप्रमाणें भरपाई ठरविली होती.

हें सर्व स्तुत्य आहे. परंतु कागदपत्रें वाचण्यांतच ज्याचें आयुष्य गेलें अशा माझ्यासारख्या वकिलास यांत एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. विमा काय किंवा भरपाई काय, पैसा हातीं येतो तो जनावर मेल्यावर. तें जगविण्यासाठीं ज्या रात्रीं पांचशें-हजार रुपयांची निकड असते, त्या रात्रीं यांपैकीं एकही कलम उपयोगीं पडत नाहीं. छावणींतील गुरांच्या दैनिक अनुदानांत औषधांचा समावेश असतो खरा. परंतु जें गुरूं छावणीपर्यंत चालूंच शकत नाहीं, त्याची वाट काय?

मेल्यावरचा पैसाही सहज मिळतो असें नव्हे. एका गरीब बाईची विमा उतरविलेली म्हैस मेली. कानांतील बिल्ला कांटेरी कुंपणांत अडकून आधींच तुटला होता, व तो पुन्हां बसवून घ्यावा हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. विमा कंपनीनें दावा नाकारला. मीं करारपत्र तीन वेळां वाचलें. बिल्ला नाहीं तर दावा नाहीं, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. कंपनी नियमास धरून होती, आणि बाई मात्र पार बुडाली. मला तिला रित्या हातानें परत पाठवावें लागलें, याची खंत अद्याप आहे.

अशा निकडीच्या रात्रीं मनुष्य सावकाराच्या दारीं जातो. बिनपरवाना सावकारी हा महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण गाय जमिनीवर पडली असतां परवाना पाहण्यास कोण थांबतो?

मुंबईच्या धनिकांस जनावरांची कणव नवी नाहीं. १८३४ सालीं शेट मोतीचंद अमीचंद व सर जमशेटजी जिजीभाई यांनीं पांजरपोळ स्थापिली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें १८८३ सालीं परळ येथें बाई साकरबाईंच्या नांवें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. परंतु पांजरपोळ जनावरास धन्यापासून कायमचें दूर नेते. आमच्या शेतकऱ्यास तें बरें होऊन पुन्हां जुंवाखालीं हवें असतें. आणि खेड्यांतून परळ फार लांब आहे.

कोणी म्हणतात, गुरांचे रोग दैवाधीन. ज्या बुळकांडीनें एके काळीं गांवेंच्या गांवें बैलांवांचून केलीं, ती २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. तें दैवानें नव्हे, लसीनें व पैशानें झालें.

म्हणून विनंती अशी कीं, चारा-फंडाच्या देणगींतील कांहीं अंश औषधोपचारासाठीं म्हणून निराळा लिहून द्यावा. रोख रक्कम शेतकऱ्याच्या हातीं न देतां पशुवैद्याच्या चिठ्ठीवर औषध, व जनावर किंवा वैद्य आणण्याचें गाडीभाडें, एवढेंच त्यांतून द्यावें. ज्यास फुकट घेण्याचा संकोच वाटेल (असे पुष्कळ आहेत, व त्यांचा मान राखला पाहिजे), त्यास तें बिनव्याजी उसनें समजून सुगीनंतर फेडण्याची मुभा असावी. विम्याच्या हप्त्याचा शेतकऱ्याचा वांटा भरणें व कानांतील बिल्ले तपासून घेणें, हें काम पावसाळ्यापूर्वींच उरकलें पाहिजे. ज्या व्यापारी बंधूंचीं तालुक्याच्या गांवीं औषधांचीं दुकानें आहेत, त्यांनीं अशा चिठ्ठीवर रात्रींअपरात्रीं मूळ खरेदीच्या भावानें माल द्यावा. त्याची बाकी दरमहा समितीकडून चुकती घ्यावी.