जुनीं हत्यारें घेतांना

गेल्या महाशिवरात्रीच्या यात्रेंत कुणकेश्वर येथें आम्हीं एक जुनी कुऱ्हाड विकत घेतली. तेलानें उजळलेलें पातें, नवा दांडा आणि माफक किंमत पाहून आम्ही भुललों. दुसऱ्याच दिवशीं बागेंत कलमाची वठलेली फांदी तोडतांना पातें उकललें आणि गड्याच्या कानाजवळून गेलें. दांडा बसविण्याच्या भोंकापाशीं चीर होती. ती मेणानें बुजवून वरून काळा रंग दिलेला होता. गडी वांचला, पण त्याच्यासमोर मान खालीं घालावी लागली ती आम्हांस.

तेव्हांपासून दांडा काढून दाखविण्यास जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडून आम्ही कांहीं घेत नाहीं. मोकळें पातें सुतळीला टांगून त्यावर लोखंडाची टिचकी मारावी. अखंड असल्यास नाद घुमत राहतो; चीर असल्यास फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो.

पुढें पोलाद पाहावें. जुन्या कुऱ्हाडी व तासण्या बहुधा मऊ लोखंडाच्या असून धारेपुरतेंच पोलाद त्यांस जडविलेलें असे. धारेजवळचा भाग घासून त्यावर लिंबू चोळावें व घटकाभर थांबावें. पोलादाचा पट्टा काळसर दिसूं लागतो. तो बोटभर रुंद उरला असेल तर हत्यार पुष्कळ वर्षें चालेल. झिजून संपला असेल तर किंमत लोखंडाची द्यावी, हत्याराची नव्हे. पटाशीच्या धारेवर कानस घसरली पाहिजे. कुऱ्हाडीच्या धारेवर ती कष्टानें थोडी लागावी. सहज लागली तर हत्याराचें पाणी उतरलें असें समजावें.

विलायती पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ अशीं अक्षरें आढळतात. हें बीड आहे असें समजून कित्येकजण ती टाकून देतात. वस्तुतः तें मुशींत वितळवून केलेलें उत्तम पोलाद होय. इंग्लंडांत शेफील्ड येथें हंट्समन यानें 1740 च्या सुमारास ती रीत काढली. मात्र छाप खोटाही असूं शकतो, म्हणून कानस सोडूं नये.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जप्तीचे कागद आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें 60 वें कलम कारागिराचीं हत्यारें व शेतकऱ्याचीं औतें जप्तींतून वगळतें. सावकारापासून कायद्यानें जें राखलें, तें आतां घरचीं माणसेंच भंगारवाल्याच्या तराजूंत टाकीत आहेत. मार्गशीर्षांत शेजारच्या वाडींतील एका दिवंगत सुताराचे रंधे, पटाश्या व करवती गोणींत भरून वजनावर जावयाच्या बेतांत होत्या. आम्हीं त्याच्या पत्नीस थांबविलें आणि देवगडाहून एक जाणता सुतार आणून नगागणिक किंमत करविली. एक तासणी व दोन पटाश्या आम्हीं घेतल्या; बाकीचीं हत्यारें तोच घेऊन गेला. भंगाराच्या भावापेक्षां कितीतरी अधिक रक्कम बाईंच्या हातीं पडली. आम्हांस तासणी स्वस्तांत मिळाली नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आपल्या किनाऱ्याची खारी हवा लोखंड खाते. वरवरचा गंज विटेच्या भुकटीनें निघतो, परंतु पटाशीच्या सपाट पाठीस खड्डे पडले असतील तर ती घेऊं नये. घरीं आणल्यावर हत्यारास उंडीच्या तेलाचा हात द्यावा. आमची तासणी पावसाळ्यांत दर पंधरवड्यास पुसली जाते.