दुष्काळात स्त्रियांस घरबसल्या काम : जुन्नर व आंबेगाव तालुके

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाट व भीमाशंकरच्या बाजूस, पाऊस मुबलक पडतो. परंतु तो उतारावरून वाहून जातो. भात व नाचणी हाती आली म्हणजे डोंगरातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबे नारायणगाव, मंचरकडील बागायतीत मजुरीस उतरतात. अवर्षणात ती मजुरीही आटते, आणि पहिली झळ विधवा, परित्यक्ता व लेकुरवाळ्या निराधार स्त्रियांस लागते.

दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणे व माती वाहणे, ही रीत जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात असंख्य स्त्रियांनी अशाच कामांवर दिवस काढले; १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाही झाला. या कामांची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि बाळंतीण, वृद्ध वा अशक्त स्त्रीस ती झेपत नाहीत. तिला उंबरठ्याआत करता येईल असे काम हवे.

याचा धडा याच जिल्ह्यात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराश्रित स्त्रियांस पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे आश्रय दिला, तेव्हा त्यांनी अन्नाबरोबरच विणकाम, शिवणकाम इत्यादी उद्योगही शिकविले. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनीही स्त्रीशिक्षणास हस्तोद्योगाची जोड दिली.

येथील स्त्रियांच्या हाती गोधडीची कला आहेच. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, धावदोऱ्याने कडेपासून मध्यापर्यंत टाके घालीत गोधडी पुरी होते. सुई, दोरा व जुने कापड याहून अधिक सामग्री लागत नाही. मग अडते कोठे? गिऱ्हाइकापाशी. शेजारीण एरवी धान्य वा पैसे देऊन गोधडी शिवून घेते. दुष्काळात तिचीही कणगी रिकामी असते. सबब गिऱ्हाईक दुष्काळी मुलखाबाहेरचे, पुण्यामुंबईचे, मिळाले तरच या कलेची भाकरी होते. शहरी गिऱ्हाइकास मात्र एकसारखा टाका, पक्का रंग व ठरलेले माप लागते. तेवढे शिक्षण देणे अवश्य आहे.

या उद्योगाने संपूर्ण संसार चालेल, असे आमचे म्हणणे नाही. परंतु मीठमिरची सुटेल, शेळी विकावी लागणार नाही, सावकाराचा उंबरा टळेल, हेही थोडे नव्हे.

यास्तव विनंती की, कापड व्यापाऱ्यांनी कातरण व दोरा द्यावा आणि दुकानी माल ठेवावा. जमीनदारांनी वाड्यातील ओसरी शिकवणीस मोकळी करावी. व उदार दात्यांनी भांडवल पुरवावे. मजुरी काम हाती येताच चुकती व्हावी. विक्रीची वाट पाहण्याचे सामर्थ्य या स्त्रियांत नाही. दान दिलेले धान्य एकदाच उपयोगी पडते. अशा भांडवलाचा रुपया मात्र माल विकताच परत येतो व पुन्हा दुसरीच्या मजुरीस लागतो.