उन्हाळ्यांतील समारंभ आणि फळांचें पाणी



चैत्र सरून वैशाख लागला कीं परभणी जिल्ह्यांत दोन गोष्टींची एकदम गर्दी होते. एक उन्हाची आणि दुसरी समारंभांची. मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणें ही येथें नित्याचीच गोष्ट, आणि नेमक्या याच दिवसांत चैत्रगौरीचीं हळदीकुंकवें, अक्षय्यतृतीया, मुंजी व लग्नें यांचीं आमंत्रणें दारीं येऊन पडतात. उन्हांतून आलेल्या पाहुण्याला जेवणाच्या आधीं जर कांहीं हवें असेल तर तें पाणी. तें कसें द्यावें, त्यांत फळांचा स्वाद कसा उतरवावा, आणि तें प्यालेला पाहुणा मागाहून आजारी पडूं नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, एवढ्याच गोष्टीविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत हल्लीं कांचेच्या भांड्यांत लिंबाच्या व काकडीच्या चकत्या टाकून ठेवलेलें पाणी दिसतें आणि ही कांहीं तरी परदेशी नवलाई आहे असा अनेकांचा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या उपभोगांचें वर्णन करतांना पिण्याच्या पाण्याला स्वतंत्र स्थान दिलेलें आहे आणि तें सुवासिक करण्याच्या रीतीही सांगितल्या आहेत. पुढें सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाशां'त कच्च्या आंब्याचें व चिंचेचें पानक येतें. आपलें 'पन्हें' हा त्या 'पानका'चाच मराठी अवतार होय. 'सरबत' हा शब्द मात्र अरबींतून, 'पिणें' या अर्थाच्या धातूपासून आलेला. इ. स. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असलेल्या या जिल्ह्यांत हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ व पन्हें, आणि रमझानच्या इफ्तारला सरबत. इ. स. २०१८ त रमझानचा महिना ऐन मे-जूनमध्यें आला, तेव्हां दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसाला संध्याकाळच्या त्या पहिल्या पेल्याची किंमत किती असेल, हें सांगावयास नको.

तेव्हां प्रथम या पेयांतील भेद ध्यानांत घेऊं. सरबतांत फळाचा रस असतो, पन्ह्यांत गर असतो, आणि आज ज्याविषयीं मुख्यतः सांगावयाचें त्या पाण्यांत फळ केवळ कांहीं वेळ मुक्कामाला असतें. सोयीसाठीं त्याला आपण 'फळवासित पाणी' म्हणूं. लिंबाच्या सालींत सुगंधी तेलाचे सूक्ष्म कोश असतात. चकती कापतांना ते फुटतात व तो वास पाण्यांत येतो. फोडींतील थोडा आंबटपणा, थोडा रंग आणि अल्पशी साखर त्यांत उतरते. याहून अधिक कांहीं नाहीं. फळांतील जीवनसत्त्वें अशा पाण्यांतून भरपूर मिळतात, किंवा शरीरांतील विषारी द्रव्यें त्यानें धुऊन निघतात, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवूं नये. याचा खरा उपयोग निराळाच आहे. साधें पाणी अर्धा पेला पिऊन थांबणारा मनुष्य वासाचें पाणी आनंदानें दोन पेले पितो. आणि त्यांत वरून साखर घातलेली नसल्यामुळें मधुमेही पाहुण्यालाही पंक्तींत निराळें बसावें लागत नाहीं. ४२ अंशांच्या उन्हांत हा लाभ लहान नव्हे.

परंतु फळाचा विचार करण्यापूर्वीं पाण्याचा विचार झाला पाहिजे. उन्हाळ्यांत विहिरी तळाला जातात, नळाचें पाणी कित्येक ठिकाणीं दिवसांच्या अंतरानें येतें, आणि समारंभाच्या घरीं टांकी मागवावी लागते. कावीळ, विषमज्वर व पटकी हे तिन्ही रोग दूषित पाण्यांतून पसरूं शकतात. आणि समारंभांत एकाच भांड्यांतून शेकडों माणसें पाणी पितात हें विसरून चालणार नाहीं. कित्येकांची अशी समजूत असते कीं लिंबू पिळलें कीं पाणी शुद्ध झालें. ही समजूत धोक्याची आहे. पेल्याला रुचेल एवढ्या आंबटपणानें रोगजंतु खात्रीनें मरत नाहींत. तुरटी फिरवल्यानें गाळ तळाला बसतो व कापडानें कचरा अडतो, पण जंतूंचा नाश या दोहोंनीं होत नाहीं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर तें आणखी एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें, आणि मग झांकून निवूं द्यावें, हाच घरगुती उपायांत सर्वांत भरंवशाचा उपाय. समारंभ उद्यां असेल तर पाणी आज रात्रींच उकळून ठेवावें.

बर्फाविषयींही हेंच. बर्फ म्हणजे गोठलेलें पाणी. मूळ पाणी जसें, तसा तो बर्फ. थंडीनें जंतु मरत नाहींत, ते केवळ स्वस्थ बसतात. मासे वगैरे टिकविण्यासाठीं केलेला बर्फ पेयांत जाऊं नये म्हणून अशा न खाण्याच्या बर्फांत निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रांत इ. स. २०१८ मध्यें अंमलांत आला. म्हणून निळसर लादी दारीं आली तर ती परत पाठवावी. आणि पांढरी असली तरी ती कोणत्या पाण्याची, हें विचारल्यावांचून पेयांत टाकूं नये. लादी भांड्याच्या बाहेरून लावून आंतील पाणी थंड करणें हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

खरें पाहतां आपल्या जिल्ह्याला बर्फाची तितकीशी गरजही नाहीं. येथील उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरडी हवा हाच माठाचा मित्र. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतें व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्चीं पडते, आणि ती उष्णता मुख्यतः माठांतील पाण्यांतूनच घेतली जाते. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडून गेलें, तर सुमारें ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनीं निवविण्याइतकें काम होऊं शकतें. मुंबईसारख्या दमट हवेंत वाफ होण्याची क्रिया मंदावते, म्हणून तेथें माठाचें पाणी आपल्याकडील पाण्याइतकें गार लागत नाहीं. माठ सावलींत, वारा लागेल अशा जागीं व ओल्या वाळूवर ठेवावा. आपल्याकडील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतील क्षारांनीं माठाचीं छिद्रें हळूहळू बुजतात व जुना माठ गार करीनासा होतो. यास्तव दर उन्हाळ्यांत नवा माठ घेण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची चाल केवळ हौसेची नव्हती.

माठांत मात्र साधेंच पाणी ठेवावें. फळ त्यांत टाकल्यास त्याचा वास व आंबटपणा मातींत मुरतो व माठ पुढें निरुपयोगी होतो. फळवासित पाण्यासाठीं कांचेची अथवा चिनी मातीची बरणी किंवा न गंजणाऱ्या पोलादाचें भांडें घ्यावें. तांब्या-पितळेचीं भांडीं शोभिवंत खरीं, परंतु कल्हई नसलेल्या अशा भांड्यांत आंबट पाणी राहिलें तर धातूचा अंश त्यांत उतरतो, आणि मळमळ व वांती होते. बरणीभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून ती वाऱ्यावर ठेवली, तर माठाचेंच तत्त्व तेथेंही उपयोगीं पडतें.

आतां प्रत्यक्ष कृति. सर्वांत सोपें व खात्रीचें पाणी लिंबू, काकडी व पुदिन्याचें. फळें कापण्यापूर्वीं वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावींत, कारण सालीवरील माती सुरीबरोबर आंत जाते. एक लिटर गार पाण्याला एका लिंबाच्या पातळ चकत्या, अर्ध्या कोंवळ्या काकडीच्या चकत्या आणि पुदिन्याचीं सहा-आठ पानें घ्यावींत. पानें हातावर हलकेंच चुरडावींत. वांटूं नयेत, वांटल्यास तुरटपणा येतो. लिंबाच्या बिया काढून टाकाव्या. दोन तास झांकून गार जागीं ठेवावें आणि मग चकत्या काढून घ्याव्या. हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. सालीखालील पांढऱ्या भागांत कडवटपणा असतो व तो उशीरानें उतरतो. मोसंबीच्या बाबतींत तर तो विशेषच जाणवतो. शेजारच्या जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. तिचा उपयोग करावयाचा झाल्यास साल व पांढरा भाग सोलून केवळ फोडींच्या चकत्या घालाव्या, आणि तें पाणी तासा-दोन तासांत संपवावें.

गोदावरीच्या कांठच्या गांवांना खरबूज व कलिंगड ओळखीचींच. त्यांच्या फोडींनीं पाण्याला फार नाजूक वास येतो. परंतु या फळांत आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळें कापल्यावर त्यांत जंतु वेगानें वाढतात. तेव्हां हीं फळें आयत्या वेळीं कापावींत व त्यांच्या पाण्यांत थोडें लिंबू अवश्य असावें. भिजवून फुगलेला चमचाभर सब्जा वरून घातला तर मुलें तें पाणी कौतुकानें पितात.

पन्ह्याचें प्रमाणही सांगून ठेवतों. एक किलो कैऱ्या उकडून त्यांचा गर काढावा, त्यांत पाऊण किलो गूळ, दोन चमचे मीठ व वेलचीची पूड घालून एकजीव करावें. या मिश्रणाच्या एका वाटीस चार वाट्या पाणी घातलें म्हणजे सुमारें पांच-सहा लिटर पन्हें होतें. यांतील मीठ केवळ चवीसाठीं नाहीं. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. आणि मीठ व साखर एकत्र असलीं म्हणजे आंतड्यांतून पाणी अधिक चांगलें शोषलें जातें. इ. स. १९७१ मध्यें बांगला देशांतील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची साथ पसरली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच तत्त्वावर साखर-मिठाचें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. आमचें पन्हें हें त्या औषधाची जागा घेऊं शकत नाहीं, हें खरें. जुलाब लागलेल्या माणसाला तें देऊं नये. त्यासाठीं औषधी दुकानांतील क्षारपुडीच, अथवा ती नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हेंच प्रमाण पाळावें.

पन्नास माणसांचा समारंभ असेल तर दरडोई दीडशें मिलिलिटरचे दोन पेले धरून पंधरा लिटर फळवासित पाणी लागेल. त्यास पंधरा लिंबें, सात-आठ काकड्या व पुदिन्याच्या दोन जुड्या पुरतात. सर्व पाणी एकदम न करतां पांच पांच लिटरचे तीन वाटे तासा-तासाच्या अंतरानें करावे. चाळीस अंशांच्या हवेंत उघड्यावर राहिलेलें फळांचें पाणी एका तासानंतर पाहुण्यास देऊं नये. भांड्यांत पेले बुडवूं देऊं नयेत. तोटीचें भांडें घ्यावें किंवा लांब दांड्याचें ओगराळें ठेवून वाढणाऱ्या एकाच व्यक्तीच्या हातीं तें द्यावें.

पेले मुद्दाम लहान ठेवावे. जिंतूर तालुक्यांत पूर्णेवर येलदरीचें धरण आहे आणि पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा या जिल्ह्यापर्यंत येतो. तरीही पावसानें पाठ फिरविली कीं येथल्या गृहिणींना हंड्यांचा हिशेब करावा लागतो. अशा मुलखांत मोठा पेला भरून द्यावयाचा व अर्धा मोरींत ओतावयाचा, हें आतिथ्य नव्हे. लहान पेला दोनदां भरून द्यावा; पाहुण्याचा मानही राहतो आणि पाणीही.

एक इशारा देणें कर्तव्य आहे. उन्हांतून आलेल्या माणसाचें अंग तापलें असून तो असंबद्ध बोलूं लागला, किंवा त्याची शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडांत पन्हें वा पाणी ओतण्याचा प्रयत्न करूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. त्यास सावलींत निजवावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. हा उष्माघात असतो आणि त्यांत मिनिटांना मोल असतें.

अक्षय्यतृतीयेला पाण्यानें भरलेल्या कुंभाचें दान देण्याची आपली रूढि आहे. त्या दानामागील हेतु एवढाच कीं उन्हांत दुसऱ्याची तहान आपली समजावी. समारंभाच्या घरीं पक्वान्नांची यादी करतांना जितका विचार होतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यानें जरी पाण्याचा विचार झाला, तें आदल्या रात्रीं उकळलें गेलें, झांकलें गेलें आणि लिंबाच्या चार चकत्यांनीं सुवासिक झालें, तरी आलेला पाहुणा तृप्त होऊन व निरोगी राहून घरीं परतेल. यजमानाला याहून अधिक काय हवें?