न्यायाधीशानं कोणाचं ऐकायचं?

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. न्यायाधीशानं कायद्याचं ऐकायचं की लोकांचं? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आपण एक चालती व्यवस्था समोर ठेवू: अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची काउंटी न्यायालयं.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत एक ‘सुपीरियर कोर्ट’ आहे. नाव वरच्या कोर्टाचं वाटलं, तरी खटला सुरू होतो तो इथेच. खून, घटस्फोट, मृत्युपत्र, भाडेकरूचं भांडण, वाहतुकीचा दंड, सगळं इथे येतं.

काम कसं चालतं बघा. ज्यूरीपुढे खटला चालला, तर ‘काय घडलं’ हे सामान्य नागरिक ठरवतात. गंभीर गुन्ह्यात ते १२ असतात आणि त्यांचं एकमत व्हावं लागतं. कोणता पुरावा त्यांच्यापुढे येऊ द्यायचा, कायदा काय सांगतो आणि दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा किती, हे साधारणपणे न्यायाधीश पाहतो. मात्र बहुतेक फौजदारी प्रकरणं ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. सरकारी वकिलाशी तडजोड होते, आरोपी गुन्हा कबूल करतो.

आता हा न्यायाधीश येतो कुठून? आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. तिथे मात्र हे पद निवडणुकीचं आहे, मुदत ६ वर्षांची. मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर माणूस नेमतात, आणि विरोधात कोणी उभंच राहिलं नाही तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतही नाही. पण लोकांच्या हातात आणखी एक अस्त्र असतं: परत बोलावण्याचं.

ते अस्त्र सांता क्लारा काउंटीत चाललं. २०१६ साली न्यायाधीश आरन पर्स्की यांनी बेशुद्ध स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास दिला. सरकारी पक्षानं सहा वर्षं मागितली होती. लोक संतापले, आणि तो संताप पोकळ नव्हता. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या राज्य आयोगाला गैरवर्तन आढळलं नाही, तरी २०१८ मध्ये मतदारांनी त्यांना पदावरून काढलं.

इथे आपण थांबून विचार करू. त्याच २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं कायदाही बदलला: अशा गुन्ह्याला यापुढे राज्याच्या तुरुंगाची शिक्षा सक्तीची. म्हणजे लोकांचा आवाज दोन वाटांनी पोचला. कायदा बदलला तो पुढच्या सगळ्यांसाठी, आधी सांगून. न्यायाधीशाला काढलं ते कायद्याच्या चौकटीत दिलेल्या निकालासाठी, नंतर.

आम्हांला पहिली वाट रास्त वाटते. कारण सौम्य शिक्षा लोकांच्या लक्षात राहते, नको इतकी कडक शिक्षा सहसा राहत नाही. निवडणुकीची भीती त्यामुळे एकाच दिशेला ढकलते. तिची किंमत पर्स्की यांच्यापेक्षा जास्त मोजावी लागेल ती उद्या कुठल्याशा कोर्टात उभ्या राहणाऱ्या, पैसा नसलेल्या, कोणी ओळखत नसलेल्या आरोपीला. लोकांनी कायद्यातून मोठ्यानं बोलावं. न्यायाधीशाला मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकू येईल, इतकी शांतता कोर्टात राहू द्यावी.