फवारणीचं औषध अंगात किती भिनलं, रक्त सांगते

बाळापूर : कपाशी फवारून आल्यावर डोकं गरगरलं की बरेच जण 'ऊन लागलं' म्हणतात. रक्तात कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असते. मॅलॅथिऑन, मोनोक्रोटोफॉससारखं औषध अंगात गेलं की ते घटते. याचा आकडा माणसागणिक वेगळा, म्हणून हंगामाआधी एकदा तपासून कागद जपावा, तरच घट कळते. त्रास झाला तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास जीव गेले. मॅलॅथिऑनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. ही तपासणी कॅन्सर दाखवत नाही, पण विष अंगात जात असल्याचं आधीच कळते. मजुराचीही करावी, पंप बहुतेक त्याच्याच पाठीवर असते.