लातूर ते नांदेड: एका दिवसात पाणी आणि झाडी, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून

बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिलेत, म्हणून हा भाग वाचताय? चालेल. आजचा विषय तसाही डोळ्यांनी बघायचा आहे.

"फोटो काढायला कोकणात जावं लागतं, आपल्या मराठवाड्यात काय आहे?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आज याच वाक्याला उत्तर देऊ. लातूरहून पहाटे निघायचं, चाकूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला पोचायचं. वाटेत तीन थांबे घ्यायचे. महिना ऑक्टोबर. पाऊस सरलेला असतो, हवा धुतलेली असते आणि पाऊस बरा झाला असेल तर तळी भरलेली असतात.

पहिला थांबा: वडवळ नागनाथचं बेट

चाकूर तालुक्यातल्या या टेकडीला लोक संजीवनी बेट म्हणतात. बेट म्हणजे इथे चहूबाजूंनी पाणी नाही, सपाट शेतांमधून वर आलेला उंचवटा आहे. औषधी वनस्पतींसाठी तो प्रसिद्ध आहे. लातूर हा राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. म्हणून इथली झुडपंसुद्धा मोलाची.

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी वर पोचा. झाडीचा फोटो फसतो तो गर्दीमुळे. डोळ्याला सगळं छान दिसतं, फोटोत मात्र नुसता हिरवा गोंधळ येतो. उपाय सोपा आहे. एकच झाड किंवा एकच पायवाट निवडा आणि बाकीचं तिच्याभोवती येऊ द्या. सूर्य समोर ठेवलात तर गवताच्या कडा उजळतात. स्क्रीनवर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग उजेड थोडा कमी करा. नाहीतर आकाश पांढरं फटक पडतं.

आणि हो, पानं, मुळ्या तोडून घरी आणू नका. फोटो काढा, तो पुरेसा आहे.

दुसरा थांबा: कंधार

लोह्याहून आत वळलं की कंधार. मन्याड नदीच्या काठचं हे गाव राष्ट्रकूटांच्या काळात मोठं होतं. इथल्या तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी, तिसरा गोविंद हा त्यातला एक. विचार करा, हजारेक वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखात पाणी अडवलं आणि त्या साठ्याला कौतुकानं 'समुद्र' म्हटलं!

इथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि पाणी आरशासारखं चमकून डोळ्यांवर येतं. तुमच्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात चमक उतरते आणि पाण्याचा खरा रंग दिसतो. अगदीच कडक ऊन असेल तर किल्ल्याकडे चला. भुईकोट किल्ला आहे, भोवती खंदक आहे. भिंतीची सावली आणि दगडाचा पोत दुपारीही छान येतो.

तिसरा थांबा: विष्णुपुरी

नांदेडजवळ गोदावरीवरचा हा जलाशय. शंकररावजी चव्हाणांच्या नावावरून याला शंकरसागर म्हणतात. काठावर काळेश्वराचं मंदिर आहे. सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणून पाचला पोचा. कॅमेऱ्यात ग्रिड सुरू करा आणि पाण्याची रेघ सरळ ठेवा. ती तिरकी झाली की पाणी सांडतंय असं वाटतं. सूर्य बुडाल्यावर लगेच फोन खिशात टाकू नका. नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यात चांगले रंग येतात.

धरणाच्या दारांजवळ फोटोला मनाईची पाटी असेल तर ती पाळा. दारं उघडली की खालचं पात्र झपाट्यानं भरतं, त्यामुळे सेल्फीसाठी पात्रात उतरायचंच नाही.

आता मुद्द्याचं

आपल्याकडचं तळं वर्षभर एकसारखं राहत नाही. ऑक्टोबरमध्ये जिथे लाटा, तिथे मे महिन्यात भेगा. २०१६ आठवतंय? मांजरा धरण आटलं आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' गाडीची पहिली फेरी १२ एप्रिलला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली.

त्या गाडीचे फोटो भरपूर निघाले. पण आपल्या गावचं तळं त्या वर्षी किती आटलं होतं, हे दाखवणारा फोटो तुमच्या घरात कुणाकडे आहे का? बहुतेक नसेल. आटलेल्या तळ्याचा फोटो कोण काढतो!

म्हणून या सहलीत प्रत्येक पाण्यापाशी एक जादाचा फोटो काढा. देखणा नसला तरी चालेल. एक न हलणारी खूण फ्रेममध्ये घ्या: मंदिराचा कोपरा, घाटाची पायरी, विजेचा खांब. झूम नको, लेन्स एक-एक्सवर ठेवा. लोकेशन सुरू ठेवा. मग मे महिन्यात त्याच जागी उभं राहून, जुना फोटो समोर धरून तीच चौकट पुन्हा पकडा. दोन फोटो शेजारी ठेवलेत की पाणी किती पायऱ्या खाली गेलं, कडेची किती झाडं उरली, हे लहान पोरालाही कळेल.

एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तारीख आणि ठिकाणाची आतली नोंद निघून जाते. मूळ फाईल जपून ठेवा, आणि पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

किनवट-माहूरचं सागाचं जंगल आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आज मुद्दाम सोडलाय. त्याला वेगळा दिवस हवा आणि आपल्यालाही वेगळा भाग. तोवर घराजवळचं एक तळं निवडा आणि पहिला फोटो याच रविवारी काढा. भेटूया!