आद्रियान मुतू
आद्रियान मुतू (जन्म: ८ जानेवारी १९७९, कलिनेश्त, आर्जेश जिल्हा, रोमेनिया) हा रोमेनियाचा निवृत्त फुटबॉल खेळाडू व प्रशिक्षक आहे. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या मुतूने राष्ट्रीय संघाकडून ७७ सामन्यांत ३५ गोल केले व गेओर्गे हाजी याच्या विक्रमाशी बरोबरी साधली. इटलीच्या सेरी आ या सर्वोच्च साखळी स्पर्धेत त्याच्या नावावर १०० हून अधिक गोल आहेत. मात्र उत्तेजक चाचणीत दोनदा दोषी ठरल्यामुळे त्याची कारकीर्द खंडित झाली. त्याच्यावरील नुकसानभरपाईचा खटला क्रीडा कायद्याच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

प्रारंभिक कारकीर्द
मुतूने व्यावसायिक फुटबॉलचा आरंभ पितेश्त येथील आर्जेश या क्लबाकडून केला. १९९९ च्या आरंभी तो राजधानीतील दिनामो बुखारेस्ट या क्लबात दाखल झाला. १९९९-२००० हंगामाच्या पूर्वार्धात त्याने साखळीतील १८ सामन्यांत १८ गोल केले. या कामगिरीमुळे जानेवारी २००० मध्ये इटलीतील इंटर मिलान या क्लबाने त्याला करारबद्ध केले. तेथे खेळण्याची संधी फारशी न मिळाल्याने तो प्रथम व्हेरोना व नंतर पार्मा या क्लबाकडे गेला. २००२-०३ च्या हंगामात प्रशिक्षक चेझारे प्रांदेल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली पार्माकडून खेळताना त्याने साखळीत १८ गोल केले. ब्राझीलच्या आद्रियानोसोबतची त्याची जोडी त्या वर्षी विशेष गाजली.

चेल्सी आणि बंदी
ऑगस्ट २००३ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबाने सुमारे २.२५ कोटी युरो मोजून मुतूशी पाच वर्षांचा करार केला. पहिल्या तीन सामन्यांत त्याने चार गोल केले. परंतु ही लय पुढे टिकली नाही. २००४ मध्ये जोझे मोरिन्यो प्रशिक्षक झाल्यानंतर त्याचे संघातील स्थान डळमळीत झाले. त्याच वर्षी शरद ऋतूत घेतलेल्या चाचणीत त्याने कोकेनचे सेवन केल्याचे आढळले. ऑक्टोबर २००४ च्या अखेरीस चेल्सीने त्याला बडतर्फ केले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याच्यावर सात महिन्यांची बंदी घातली व २०,००० पौंड दंड ठोठावला.

इटलीत पुनरागमन
बंदीच्या काळातच, जानेवारी २००५ मध्ये, युव्हेंटसने त्याला घेतले. युरोपीय संघाबाहेरील खेळाडूंची या क्लबाची मर्यादा संपलेली असल्याने कागदोपत्री त्याची नोंदणी प्रथम लिव्होर्नो या क्लबाकडे झाली व तेथून तो युव्हेंटसकडे आला. २००६ मध्ये तो फिओरेंतिनाकडे गेला. तेथे प्रांदेल्ली पुन्हा त्याचे प्रशिक्षक होते. कारकिर्दीतील सर्वांत स्थिर कालखंड त्याने येथेच अनुभवला. २००६-०७ मध्ये १६ व २००७-०८ मध्ये १७ साखळी गोल त्याने केले. दुसऱ्या हंगामात फिओरेंतिनाने चौथे स्थान पटकावले व युएफा चषकाची उपांत्य फेरीही गाठली. २०१० मध्ये सिब्युट्रामिन या वजन घटवणाऱ्या औषधाचा अंश चाचणीत आढळल्याने त्याच्यावर नऊ महिन्यांची बंदी घालण्यात आली. पुढे तो चेझेना व फ्रान्समधील अजाक्सियो या क्लबांकडून खेळला.

नुकसानभरपाईचा खटला
बडतर्फीनंतर चेल्सीने मुतूकडे भरपाई मागितली. खेळाडूने योग्य कारणाविना करार मोडल्यास त्याने क्लबाला भरपाई द्यावी, असा फिफाचा नियम आहे. येथे करार मोडला होता क्लबाने. मग खेळाडू जबाबदार कसा, हा कळीचा प्रश्न होता. डिसेंबर २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवाद न्यायालयाने मुतूविरुद्ध निर्णय दिला. खेळाडूच्या गंभीर गैरवर्तनामुळे क्लबाला करार संपवावा लागला, तर करारभंग खेळाडूनेच केला असे समजावे, असा त्याचा आशय होता.

फिफाने २००८ मध्ये भरपाईची रक्कम १,७१,७३,९९० युरो इतकी निश्चित केली. मुतूला मिळवण्यासाठी चेल्सीने केलेला खर्च कराराच्या कालावधीवर विभागून, उरलेल्या काळाचा वाटा त्याच्याकडून मागण्यात आला होता. क्रीडा लवाद न्यायालयाने २००९ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये मुतूचे अपील फेटाळले. युव्हेंटस व लिव्होर्नो यांनाही या रकमेसाठी जबाबदार धरणारा फिफाचा २०१३ मधील निर्णय मात्र लवाद न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. त्यामुळे हा भार एकट्या मुतूवर राहिला.

लवाद न्यायालय स्वतंत्र व निःपक्षपाती नाही, अशी तक्रार घेऊन मुतू युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. जर्मन स्केटिंगपटू क्लाउडिया पेखश्टाइन हिच्या तक्रारीसोबत त्याचा निकाल २ ऑक्टोबर २०१८ रोजी लागला. जाहीर सुनावणीच्या मुद्द्यावर पेखश्टाइनला अंशतः यश मिळाले. मुतूची तक्रार फेटाळण्यात आली.

राष्ट्रीय संघ
मुतूने मार्च २००० मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केले. २००० व २००८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धांत तो सहभागी होता. त्याच्या काळात रोमेनिया विश्वचषकासाठी पात्र न ठरल्याने त्या स्पर्धेत मात्र त्याला कधीच खेळता आले नाही. १३ जून २००८ रोजी झुरिक येथे इटलीविरुद्ध त्याने रोमेनियाला आघाडी मिळवून दिली. इटलीने लगेच बरोबरी साधली. ८१ व्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी मुतूने मारली. ती गोलरक्षक जानलुइजी बुफॉन याने अडवली. सामना १-१ असा सुटला व रोमेनिया साखळी फेरीतच बाद झाला. २२ मार्च २०१३ रोजी बुडापेस्ट येथे हंगेरीविरुद्ध पेनल्टीवर केलेला गोल हा त्याचा ३५ वा होता. त्याच वर्षी राष्ट्रीय प्रशिक्षक व्हिक्तोर पित्सुर्का यांची खिल्ली उडवणारे चित्र फेसबुकवर टाकल्यामुळे त्याला संघातून वगळण्यात आले. हाजीला मागे टाकण्यासाठी लागणारा एक गोल राहूनच गेला.

अखेरचा काळ
२०१४ मध्ये तो मायदेशी परतून पेत्रोलुल प्लोयेश्त या क्लबाकडून खेळला. २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी पुणे सिटीचा मार्की खेळाडू होता. बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे या संघाचे घरचे मैदान होते. इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक असलेला हा संघ आठ संघांत सातव्या स्थानी राहिला. २०१६ मध्ये तर्गू मुरेश येथील क्लबाकडून खेळून मुतू निवृत्त झाला. त्यानंतर त्याने रोमेनियाच्या २१ वर्षांखालील संघाचे, तसेच रापिद बुखारेस्ट व सीएफआर क्लुज या क्लबांचे प्रशिक्षकपद भूषवले.